खुर्चीकाकांवरचे दोन ठराव

खुर्चीकाकांना बोलतं करायला कुणाला कधी कष्ट पडले नाहीत. कष्ट पडायचे ते थांबवायला. पाणी हवं असलं तर ते आधी तहान कुठे लागली, कशी लागली, तेव्हा समोरून कोण येत होतं ते सांगत. तोवर काकूंनी तांब्या पुढे केलेला, त्यांनी तो रिकामा केलेला आणि काकूंनी तो घासून पालथाही घातलेला असे. संसार मोडला नाही याचं कारण गल्लीच्या मते एकच, काकूंचा डावा कान जरा कमी चालतो आणि जेवताना काका नेमके डाव्या बाजूला बसतात.

धंदा भाड्यानं खुर्च्या देण्याचा. घडीच्या लोखंडी खुर्च्या, पाठीमागे पांढऱ्या रंगाचा ठिपका, तीच ओळख. लग्न असो, सभा असो, कुणी गेलेलं असो, काकांच्या खुर्च्यांवर टेकलं नाही असं ढुंगण त्या गावात नसेल. धंद्याबरोबर वडिलांकडून एक शिस्तही आली होती. कार्यक्रम संपला की सगळ्या खुर्च्या घडी करून रचायच्या, एकच उघडी ठेवायची आणि टेम्पो येईपर्यंत तिच्यावर आपण स्वतः बसायचं. कारण गर्दी पांगताना माणसं जाता जाता खुर्चीही बरोबर नेतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. एकदा तर अंत्यविधीला आलेले एक गृहस्थ रडत रडत खुर्ची काखेत मारून निघाले होते. काकांनी आधी त्यांचं सांत्वन केलं, मग खुर्ची सोडवून घेतली.

आता या बसण्यामुळे जे झालं ते.

त्या वर्षी सरकारनं एक वर्तमानपत्र बंद पाडलं. कारण काय, तर त्यात बातम्या येत होत्या. लोकांनी दगड नाही मारले, टायर नाही जाळले. संध्याकाळी चौकात जमायचं आणि त्या वर्तमानपत्राचे जुने अंक घेऊन गुपचूप वाचत बसायचं, एवढाच त्यांचा निषेध. घोषणा नाही, भाषण नाही, फार तर पान उलटल्याचा आवाज. हे सगळं जुळवणाऱ्यांत काकांची भाची होती, शाळेत चित्रकला शिकवायची. म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर बसवत नाही म्हणून तिनं मामाकडे खुर्च्या मागितल्या. काकांना राजकारणाचं सोयरसुतक नव्हतं. ते म्हणाले, वाचणारं गिऱ्हाईक चांगलं, पाय हलवत नाही.

एका संध्याकाळी पोलीस आले. धूर सोडला. लोक उठले, पण भाचीनं शिकवल्याप्रमाणे आधी आपापली खुर्ची मिटून ढिगावर ठेवली आणि मग पळाले. पळापळीत इतकी शिस्त पाळलेली कुणी पाहिली नसेल. टेम्पो पोलिसांनी लावलेल्या अडथळ्यांपलीकडे अडकून पडला होता. काकांनी रीतीप्रमाणे एक खुर्ची उघडली आणि बसले. भाची कोपऱ्यापर्यंत निसटली होती. तिथून तिनं वळून पाहिलं तर धुरात मामा एकटाच. ती परत आली. म्हणाली, मामा उठा, चला. काका म्हणाले, "अगं, टेम्पो येऊ दे," आणि टेम्पो कुठे असेल, का थांबला असेल, ड्रायव्हर कसा भित्रा आहे, हे सांगायला लागले. ते अजून ड्रायव्हरवरच होते, तेवढ्यात दोन पोलीसबायांनी पोरीला दोन्ही दंडांना धरून गाडीत घातलं. काकांना कुणी हात लावला नाही. एक शिपाई हसून म्हणाला, हा खुर्चीवाला आहे, राहू दे.

काका तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, डोळ्यांतून धुराचं पाणी. त्याच वेळी कुणा परदेशी बातमीदारानं त्यांचा फोटो काढला.

भाचीची आई, म्हणजे काकांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून काकांच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. काकू तिला वन्सं म्हणत म्हणून गल्लीतले टवाळही मागं वन्संच म्हणत. लेकीला कुणामुळे धरलं हे तिला कळायला वेळ लागला नाही, कारण काकांनी स्वतःच घरी येऊन सगळं सांगितलं होतं, नेहमीच्या ऐसपैस पद्धतीनं. ते ड्रायव्हरपर्यंत आले तेव्हा ती उठून आत गेली. त्या दिवसापासून ती भावाशी बोलेना. 'दादा, तू' होतं ते 'वहिनी, त्यांना सांगा' झालं. त्यांना सांगा, चहा झालाय. त्यांना सांगा, नळ उघडा राहिलाय. आठवड्याच्या आठवड्याला ती कपड्यांचं गाठोडं घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची, गाठोडं आत घेत, हिला नाही. पोरीवर आरोप काय, ते कुणी सांगत नव्हतं. घरातला प्रत्येक जण एकाच गोष्टीची वाट बघत होता, पोरगी कधी सुटते.

मग एके सकाळी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मोबाइल हातात धरून धावत आला. म्हणाला, "काका, तुमच्यावर ठराव झालाय."

काकांना वाटलं, भाडं वाढवल्याबद्दल असेल.

तर ठराव झाला होता पार समुद्रापलीकडच्या एका देशाच्या विधिमंडळात. तो देश गल्लीतल्या कुणाला नकाशात दाखवता आला नसता. एका सभासद बाईंनी काकांचा फोटो दाराएवढा मोठा करून सभागृहात आणला होता. माणसाला शांतपणे जमण्याचा, वाचण्याचा, बोलण्याचा आणि नको ते नको म्हणण्याचा हक्क आहे, मग तो कुठल्याही देशात राहत असो. चौकात एकटा बसून राहिलेला हा वृद्ध आणि त्याच्यासोबतचे इतर यांच्या पाठीशी आमचं सभागृह उभं आहे, असा ठरावाचा मजकूर. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे दोन्ही पक्ष या वेळी एक झाले. कुणी म्हणालं, त्यांच्या सन्मानार्थ उभे राहू. दुसरा म्हणाला, ते तर बसले होते, आपणही बसू. सगळे आधीच बसलेले होते, म्हणून ते आणखी थोडा वेळ बसले.

यात हसण्यासारखं असलं तरी खोटं काही नव्हतं. त्या बाई बोलताना खरंच गहिवरल्या होत्या, मोबाइलवर दिसत होतं. काका मात्र 'वृद्ध' या शब्दापाशी अडकले. काकू म्हणाल्या, "फोटो निघणार होता तर शर्टाला धड बटणं तरी लावायची."

वन्सं दारात उभी राहून ऐकत होती. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, त्यांना विचारा, माझी मुलगी 'इतर'मध्ये आली का?"

इस्त्रीवाला मोबाइल खिशात घालून इस्त्री जळतेय म्हणत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक साध्या कपड्यातला पोलीस दाराशी येऊन बसला. काकांच्याच खुर्चीवर. दुकानाला कुलूप लागलं, वर लाखेचा शिक्का. त्याच्यामागोमाग एक साहेब आले, सुवासिक, मृदू आवाजाचे. त्यांनी काकांना सांगितलं, अटक वगैरे काही नाही, तुम्ही मोकळेच आहात, फक्त घरात मोकळे राहा.

दाराशी बसलेल्याला गल्लीनं लगेच 'जावई' नाव पाडलं. घरात दिवसभर ठाण मांडून असतो, वेळेवर चहा लागतो, कधी जाणार हे कुणी विचारू शकत नाही, दुसरं काय म्हणायचं. जावई तसा वाईट नव्हता. काकूंनी बटाटे निवडायला घेतले की एखादा सडका काढून टाकायचा.

पण घर लहान होत गेलं. पुढच्या खोलीची खिडकी नेमकी दुकानासमोर उघडायची. काका तिथे उभे राहून आपलंच कुलूप बघत. फळीच्या फटीतून रचलेल्या खुर्च्यांचे पाय दिसत, एकाला एक खेटून, गोठ्यातल्या जनावरांसारखे. हंगाम लग्नाचा होता आणि लोक वऱ्हाडाला सतरंजीवर बसवत होते. त्या ठिपक्याच्या खुर्चीवर बसलेलं दिसणं म्हणजे बाजू घेतल्यासारखं झालं होतं. गल्लीत संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसायची सवय होती, तीही मोडली. माणसं भिंतीला टेकून उभ्यानं गप्पा मारू लागली. शिंप्यानंही उभ्यानं शिवायला घेतलं असतं, पण मशीन ऐकेना. काकांच्या खिडकीखालून जाताना काही जण मान खाली घालत आणि काही जण हळूच कपाळाला हात लावत. दोघांचीही काकांना सारखीच भीती वाटे.

सगळ्यात जास्त हाल झाले ते जिभेचे. बाहेर जायचं नाही, गिऱ्हाईक नाही. काकूंचं सगळं ऐकून झालेलं. बहीण बोलत नव्हती. उरला जावई, आणि त्याला बोलायची मनाई होती, ऐकायची नव्हती. काका त्याला वडिलांच्या पहिल्या खुर्चीपासून सांगायला बसत. तो दुसऱ्या खुर्चीपर्यंत घोरायला लागे. काका मग स्वयंपाकघरापर्यंत जात, परत येत, परत जात. जावयाखालची सोडून घरात उरलेली एकुलती एक घडीची खुर्ची उघडत आणि मिटत. खट, खट. शेवटी काकूंनी ती पलंगाखाली घातली.

अशात साहेब पुन्हा आले. चहा घेतला, साखर बेताची आहे म्हणाले. मग विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही खरं कशासाठी बसला होतात?"

इतक्या दिवसांत हे विचारणारा पहिला माणूस. काका अर्थातच वडिलांपासून सुरू झाले. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही टेम्पोची वाट बघत होतात. काका म्हणाले, हो. साहेब म्हणाले, मग एवढंच कॅमेऱ्यासमोर सांगा. खोटं बोलायला आम्ही कधीच सांगणार नाही. तिकडच्या त्या सभागृहाला कळू दे, कुणासाठी ठराव करत सुटलेत ते. आणि भाचीचं म्हणाल तर लहान पोर आहे, तिचंही बघू.

खरंच तर बोलायचं होतं. तरी काका लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मागच्या दाराकडे. दाराआडून बहिणीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, पोरगी घरी येणार असेल तर काय वाटेल ते बोला."

दुपारी कॅमेरा आला, डोळ्यांत खुपणारा दिवा आला. काकांना पुढच्या खोलीत बसवलं. एकच वाक्य, साहेब म्हणाले. काकांनी सुरुवात केली, "माझे वडील सांगायचे..." थांबवलं. पुन्हा. टेम्पो येणार होता, पण अडथळे लावले होते, ते का लावले होते म्हणाल तर... थांबवलं. पुन्हा. मी टेम्पोची वाट बघत होतो, लोक फार चांगले होते हो, खुर्ची मिटून ठेवून मग पळाले, लग्नातले लोक कधी... थांबवलं. मी टेम्पोची वाट बघत होतो आणि माझी भाची मला बोलवायला आली, तिचा काहीसुद्धा... कॅमेरावाल्यानं स्वतःहूनच बंद केलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हसून म्हणाले, "काका, ती घरी यायला हवी ना?"

मग काकांनी त्यांच्या जन्मातलं सगळ्यात छोटं बोलणं केलं. "मी टेम्पोची वाट बघत होतो." आणि तोंड मिटलं.

संध्याकाळी ते सगळीकडे दाखवलं. देश हसेल असा साहेबांचा अंदाज होता. गल्ली तर मुळीच हसली नाही. इस्त्रीवाला कपडे द्यायच्या निमित्तानं आला आणि हळूच म्हणाला, "काका, फार मारलं का हो?"

"अरे, कुणी बोटसुद्धा लावलं नाही. मी खरंच टेम्पोची..."

"हो, कळलं," म्हणत त्यानं जावयाकडे बघून डोळा मिचकावला आणि काकांचा हात घट्ट दाबला. शेजारणींनी काकूंना हळदीचं दूध द्यायला सांगितलं. मुका मार वरून दिसत नाही म्हणाल्या. खुद्द टेम्पोच्या ड्रायव्हरचाही विश्वास बसला नाही. त्यानं निरोप धाडला, माझं नाव न घेता नुसता टेम्पो म्हणालात, उपकार विसरणार नाही.

काका हैराण झाले. आयुष्यभर फापटपसारा सांगितला तो लोकांनी खरा मानला, आणि एक सरळ वाक्य बोलले तर कुणी मानेना.

भाची आली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या नाही. आला तो दुसरा ठराव.

समुद्रापलीकडच्या त्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. या वेळी फोटो नव्हता, काकांचं ते एका वाक्याचं बोलणंच सभागृहाला दाखवलं. बघा, म्हणाल्या, या माणसाच्या डोळ्यांतली भीती बघा. एका नागरिकाला त्याच्याच घरात डांबून त्याच्याकडून असं हास्यास्पद विधान वदवून घेतल्याचा हे सभागृह तीव्र निषेध करतं. डोळ्यांत खरं तर दिवा होता. पण भीती नव्हती असंही नाही. ती दिव्याच्या मागे बसली होती, टोपी मांडीवर ठेवून. त्या बाईंचं टेम्पोच्या बाबतीत साफ चुकलं होतं आणि बाकी सगळं बरोबर होतं. आता काय म्हणणार. ठराव पहिल्यापेक्षा लांब होता, आणि भाची त्यातही 'इतर'मध्येच होती.

साहेब आले ते या खेपेला चहा न घेता. आवाज तेवढाच मृदू, पण पाय हलत होता. म्हणाले, हे प्रकरण एकदा मिटवून टाकू. पुन्हा एकच वाक्य. "मी जे बोललो ते माझ्या मर्जीनं, कुणाच्याही दबावाशिवाय बोललो." मागच्या वेळी भाचीची फाइल वर गेली होती, हे झालं की खाली येईल. कॅमेरावाला भिंतीला वायर लावत होता. जावयाला दिवा धरायला उभं केलं होतं.

काका पलंगाच्या कडेला बसले. टेम्पोचं वाक्य उच्चारताना जीभ जड झाली होती, पण ते खरं होतं. हे तसं नव्हतं. तरीही ते बोलले असते. पोरगी येणार असती तर ते आपण चौकात नव्हतोच म्हणाले असते, खुर्च्या कधी पाहिल्याच नाहीत म्हणाले असते. फक्त ती येणार आहे का, एवढंच कळत नव्हतं. त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. बहिणीनं एकदा मान हलवली असती तर बास होतं.

ती दाराआडून बाहेर आली. इतक्या दिवसांत प्रथमच भावाच्या समोर उभी राहिली आणि बोलली मात्र साहेबांशी.

"मागं तो खरं बोलला, तेव्हा तुम्ही पोरीला सोडलं नाही. आता खोटं बोलून कशी सोडाल?"

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही आई आहात, नीट विचार करा."

"आई आहे म्हणूनच विचारते. आत्ता, माझ्यादेखत फोन लावा. ती दारात आली की तो बोलेल, हवं तर मीपण बोलते."

साहेब म्हणाले, असं नसतं. कामाची एक पद्धत असते.

वन्संनं भावाकडे पाहिलं. मान हलवली, पण होकाराची नव्हे.

काकांनी दिव्याकडे पाठ केली. कॅमेरावाला म्हणाला, इकडे बघा. काकांनी बघितलं नाही. साहेबांनी समजावलं, मग आठवण करून दिली, मग दुकानाबद्दल बोलले, खुर्च्या गंजतील म्हणाले. काका, ज्यांना गप्प बसवणं कुणाला जमलं नव्हतं, भिंतीकडे तोंड करून गप्प बसले. जावयाचा हात दिवा धरून धरून कापायला लागला तेव्हा साहेब उठले.

जाताना त्यांनी हुकूम दिले. दाराशी आणखी एक माणूस बसला, म्हणजे गल्लीच्या हिशेबानं धाकटा जावई. खिडकीला बाहेरून फळ्या ठोकल्या. काकूंचा मोबाइल नेला. आणि वन्संला सांगितलं, तुरुंगाच्या दाराशी गाठोडं घेऊन येऊ नका, घेतलं जाणार नाही. तिनं ते ऐकून घेतलं आणि आत गेली. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेले पोरीचे कपडे तिनं गाठोड्यातून काढले, पुन्हा झटकले, पुन्हा घड्या घातल्या. तेवढंच तिच्या हातात होतं.

फळ्यांमुळे पुढच्या खोलीत दिवसाच अंधारल्यासारखं झालं. काकांना वाटत होतं, आता ही कायमची तुटली. पोरगीही गेली आणि बहीणही. मान हलवली तिनं, पण भोगायचं तिलाच आहे, पुढे कधीतरी म्हणेल, तू बोलला का नाहीस. ते पलंगावरून हलले नाहीत.

थोड्या वेळानं ती दोन कप घेऊन आली. एक त्यांच्या हातात दिला. वहिनींच्या हाती नाही, टेबलावर ठेवून नाही, हातात. समोर जमिनीवर बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशीचं सांग मला."

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून. मला घाई नाही."

काकांनी घसा खाकरला. मग सांगायला लागले. पोरीनं सकाळी येऊन खुर्च्या कशा मोजून घेतल्या, एकीचा पाय डगमगत होता तो आपल्या ओढणीची चिंधी लावून कसा नीट केला, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून रांगा कशा तिरक्या लावल्या, एका आजींचा चष्मा घरी राहिला होता तर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या कानात अंक कसा वाचून दाखवला. अगदी बारीक आवाजात, कारण बोलायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. काका तिथून चष्म्यांकडे वळले, चष्म्यांवरून त्या आजींच्या नवऱ्याकडे. बहिणीनं थांबवलं नाही. दाराशी थोरला जावई जागा होता. काकूंनी उजवा कान इकडे केला होता.

मग धूर आला. लोक उठले, खुर्च्या मिटल्या. पोरगी कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिनं वळून पाहिलं.

इथे काका थांबले. कप हातात तसाच, चहावर साय आलेली. कुणीही थांबवलं नव्हतं, तरी थांबले.

बहिणीनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग तिनं तिथे हात ठेवला.

"सांग की पुढे," ती म्हणाली. "ती परत आली. आली तेव्हा घाबरली होती का?"

"नाही गं," काका म्हणाले. "माझ्यावर चिडली होती."

आणि ती कशी चिडली होती ते ते सांगायला लागले.